पाडव्याच्या ताटातील द्राक्षाची कोशिंबीर : मणी निवडण्यापासून ताटात वाढण्यापर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक शहरातून गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघालात, तर आनंदवली, सोमेश्वर सोडल्यानंतर रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या पाट्या आणि क्रेट दिसू लागतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या फळछाटणीचा माल या दिवसांत काढणीला येतो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास हंगाम उतरणीला लागतो. त्यानंतर एप्रिलची खरड छाटणी. म्हणजे बागेतला शेवटचा गोड माल आणि वर्षाचा पहिला सण हे दोन्ही नाशिक भागात जवळजवळ एकाच पंधरवड्यात येतात.

असे असूनही द्राक्ष उत्पादकाच्या घरी पाडव्याच्या ताटात द्राक्ष असते ते बहुधा फळ म्हणून, वाटीत ठेवलेले. ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी, कोशिंबीर असते ती काकडीची किंवा गाजराची. श्रीखंड-पुरीसारख्या गोड आणि जड जेवणाला आंबट-गोड, थोडी तिखट, न शिजवलेली फळाची कोशिंबीर फार चांगली साथ देते. ती करायला लागणारा माल तुमच्याच पॅकिंगच्या मांडवात पडलेला असतो. घडातून सुटलेले मणी, लहान आकारामुळे प्रतवारीतून बाजूला काढलेले मणी, किंचित चट्टा असलेले मणी हा तो माल.

या लेखात तीन गोष्टी पाहू. कोणते मणी घ्यावेत व कोणते घेऊ नयेत, कोशिंबीर बिघडते ती कशामुळे आणि घरच्यासाठी, पंगतीसाठी व विक्रीसाठी ती कशी करावी.

आधी एक प्रश्न : शेवटची फवारणी कधी झाली?

पाककृतीपेक्षा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतला आहे. निर्यातीच्या प्लॉटमधील माल उर्वरित अंशाची तपासणी करूनच पुढे जातो. सन २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षांची अडवणूक झाली, त्याची झळ नाशिक जिल्ह्यातील अनेकांना बसली. त्यानंतर निर्यातदार बागायतदार नोंदींबाबत अधिक काटेकोर झाले. पण घरच्यासाठी मणी तोडताना आपण हाच काटेकोरपणा ठेवतो का? बरेचदा नाही. बांधावरच्या ओळीतले, स्थानिक बाजारासाठी ठेवलेल्या प्लॉटमधले किंवा राखून ठेवलेल्या वेलीवरचे घड तोडून थेट घरी आणले जातात. त्या ओळीवर भुरीसाठी किंवा पिठ्या ढेकणासाठी चार दिवसांपूर्वी फवारणी झाली असेल, तर तो माल तुमच्याच मुलांच्या ताटात जातो.

म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. फवारणीची नोंदवही उघडून त्या प्लॉटवरील शेवटच्या फवारणीची तारीख पाहावी. औषधाच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजेच पीएचआय, पूर्ण झाला असेल तरच फळ घरात आणावे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ज्या यादीला आपण 'अ‍ॅनेक्शर ५' म्हणतो, तीत द्राक्षासाठी शिफारस केलेली औषधे आणि त्यांचा पीएचआय दिलेला असतो. यादी चालू हंगामाचीच वापरावी.

२. एकाच टाकीत दोन औषधे मिसळली असतील, तर ज्याचा पीएचआय जास्त आहे तो धरावा.

३. नोंद नसेल किंवा शंका असेल, तर त्या प्लॉटमधील फळ घरच्यासाठीही वापरू नये. धुतल्याने सगळे निघून जाते हा समज चुकीचा आहे. स्पर्शजन्य औषधाचा पृष्ठभागावरील अंश धुण्याने कमी होतो. आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत गेलेले असते, ते पाण्याने निघत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे दिवस भरू देणे.

४. रस्त्यावरून किंवा बाजारातून फळ घेत असाल, तर ओळखीच्या बागायतदाराकडून घ्यावे आणि हाच प्रश्न विचारावा. ज्याची नोंदवही नीट आहे, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

मण्यावरची पांढरी लव म्हणजे औषध नव्हे

गिऱ्हाईक अनेकदा मण्यावरचा पांढरट थर पाहून माल नाकारते. हा थर बहुधा नैसर्गिक मेणाचा असतो. तो मण्यातील पाणी टिकवतो, आणि तो अखंड असणे हे फळ कमी हाताळले गेल्याची खूण आहे. बोटाने पुसल्यावर खालची साल चकचकीत दिसते आणि बोटाला वास लागत नाही. औषधाचे डाग वेगळे दिसतात. ते ठिपक्यांसारखे किंवा मण्याच्या खालच्या टोकाला थेंब सुकल्यासारखे असतात. गंधकाची भुकटी असेल तर उग्र वास येतो. असा माल कोशिंबिरीला घेऊ नये, कारण कोशिंबीर कच्ची असते आणि वास तसाच राहतो.

कोणता वाण, किती गोडी?

थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे हिरव्या-पिवळसर मण्यांचे बिनबियांचे वाण दह्यातील कोशिंबिरीसाठी योग्य आहेत. साल पातळ, गर भरीव आणि रंग फिका असल्याने दही स्वच्छ दिसते. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षे चवीला उत्तम, पण चिरलेल्या सालीचा रंग दह्यात उतरतो आणि कोशिंबीर जांभळट होते. काळी द्राक्षे बिनदह्याच्या प्रकारात वापरावीत. तिथे हाच रंग शोभून दिसतो.

गंगापूर धरणाच्या परिसरात वाईनच्या द्राक्षांच्याही बागा आहेत. याच भागातील सुला विनयार्ड्सची पहिली वाईन सन २००० मध्ये बाजारात आली, आणि पुढे या पट्ट्यात केबरने सॉव्हिग्नॉन, शेनिन ब्लां अशी नावे सर्वांच्या परिचयाची झाली. ही द्राक्षे कोशिंबिरीसाठी मात्र नाहीत. मणी लहान, बिया असलेला आणि रस जास्त असतो. बी दाताखाली किंवा मिक्सरमध्ये फुटली की तुरट-कडवट चव येते.

द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही आणि गोड होत नाही. केळी किंवा आंबा घरात ठेवून पिकवता येतो, तसे इथे होत नाही. तोडतानाची गोडी हीच शेवटची गोडी. तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच, त्यावर चार-पाच मण्यांचा रस पाहून कोशिंबिरीचे प्रमाण ठरवावे.

ब्रिक्स १६ च्या खाली : मणी आंबट असतो. दहा माणसांच्या कोशिंबिरीत दोन चहाचे चमचे साखर किंवा किसलेला गूळ घालावा. लिंबू घालू नये.

ब्रिक्स १६ ते १९ : वरून गोड किंवा आंबट काहीही लागत नाही.

ब्रिक्स १९ च्या पुढे : पाडव्याच्या सुमारास उशिराच्या प्लॉटमध्ये अशी गोडी मिळते. गोडी तोडायला अर्धे लिंबू किंवा एका लहान कैरीचा अर्धा कीस घालावा. या दिवसांत कैरी बाजारात आलेली असते. कैरीमुळे चवीबरोबर करकरीतपणाही येतो.

सुट्या मण्यांची निवड

सुटा मणी म्हणजे खराब मणी नव्हे. पण तो देठापासून निघालेला असल्यामुळे त्याचे तोंड उघडे असते. तिथून रस झिरपतो आणि तिथूनच बुरशी व यीस्ट आत शिरतात. म्हणून सुटे मणी त्याच दिवशी वापरावेत. फार तर एक दिवस फ्रीजमध्ये, न धुता, हवा खेळती राहील अशा पिशवीत ठेवावेत. देठासह कापलेले छोटे झुपके याहून जास्त दिवस टिकतात.

निवडताना परातीत पांढरे कापड अंथरून मणी एका थरात पसरावेत आणि पुढील मणी बाजूला काढावेत.

• तडकलेला, रस सुटलेला मणी
• राखाडी, काळी किंवा हिरवट बुरशी असलेला मणी आणि त्याला चिकटलेले शेजारचे मणी
• आंबूस किंवा व्हिनेगरसारखा वास येणारा मणी
• चिकट, काळपट थर असलेला मणी. हा पिठ्या ढेकणाच्या चिकट स्रावावर वाढलेल्या काळ्या बुरशीचा असतो.
• दाबल्यावर पाणचट लागणारा, मऊ मणी

बुरशीचा भाग कापून उरलेला मणी वापरू नये. काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या भागापुरती मर्यादित असतीलच असे नाही. याउलट लहान आकार, सालीवर फांदी घासल्याचा तपकिरी ओरखडा, थोडा कमी-जास्त रंग या दोषांमुळे माल निर्यातीत बसत नाही, पण खाण्यास काहीच हरकत नसते. कोशिंबिरीसाठी हाच माल घ्यायचा. निर्यातीच्या पेटीतील मालाला पैसे जास्त मिळतात, तो चिरून टाकण्यात अर्थ नाही.

सुट्या मण्यांत निवडणीची घट जास्त असते, त्यामुळे लागणाऱ्या वजनाच्या सव्वापट माल घेऊन बसावे.

शीतगृहातील पेटीतील द्राक्षे वापरत असाल, तर त्यात गंधक डायऑक्साइड सोडणारा कागद, म्हणजे ग्रेप गार्ड, असतो. तो काढून टाकावा, फळ अर्धा तास मोकळ्या हवेत पसरावे आणि मगच धुवावे. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर शक्यतो ताजे तोडलेले फळच वापरावे.

धुण्याची पद्धत

झुपके असतील तर देठ काढण्यापूर्वी धुवावेत. आधी देठ काढले तर उघड्या तोंडातून पाणी मण्यात शिरते. रोवळीत किंवा चाळणीत थोडे थोडे मणी घेऊन वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली, हाताने हलकेच चोळत, दोन वेळा धुवावेत. साबण किंवा भांड्यांचा द्रव वापरू नये. विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी कच्च्या पदार्थासाठी चालणार नाही. शेवटचे धुणे तरी उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यानेच करावे.

धुतल्यानंतर स्वच्छ पंचावर पसरून मणी पूर्ण कोरडे करावेत. सालीवरचे हे थोडे पाणी दह्यात उतरते आणि कोशिंबीर पातळ होते. पंख्याखाली वीस मिनिटे पुरतात.

कोशिंबिरीला पाणी का सुटते?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजले की निम्मी पाककृती आलीच.

द्राक्षाच्या वजनाचा मोठा भाग पाणीच असते. मणी चिरला की पेशी फुटतात आणि रस बाहेर येण्यास वाट मिळते. त्यावर मीठ पडले की बाहेरचे द्रावण दाट होते आणि पेशींतील पाणी त्याकडे ओढले जाते. साखरही हेच काम करते. अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी रस जमतो, मणी लिबलिबीत होतो आणि दही फुटल्यासारखे दिसते.

यावर चार उपाय आहेत.

१. मीठ आणि साखर वाढण्याच्या पाच मिनिटे आधीच घालावी.
२. साधे दही न घेता टांगलेला चक्का किंवा निथळलेले घट्ट दही घ्यावे. पाडव्याला श्रीखंडासाठी चक्का बांधलेला असतोच, त्यातूनच थोडा बाजूला काढावा. खाली निथळलेले पाणी कढीत वापरावे.
३. दाण्याचा कूट जाडसर ठेवावा. तो सुटलेला रस शोषून घेतो.
४. मणी सुरीने चिरावेत. मिक्सरमध्ये फिरवल्यास पेशी जास्त फुटतात. बिनदह्याच्या प्रकारासाठी मिक्सर वापरायचाच असेल, तर एकेक सेकंदाचे दोन झटके पुरेत.

मणी उभा चिरावा, अखंड ठेवू नये

दिसायला बरे म्हणून काही जण कोशिंबिरीत अखंड मणी घालतात. असे करू नये. अखंड द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमके अडकेल अशा आकाराचे असते. साल गुळगुळीत आणि गर लवचिक असल्याने ते घट्ट बसते आणि खोकून बाहेर येत नाही. पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक मण्याचे उभे चार तुकडे करावेत. मोठ्यांसाठी उभे दोन तुकडे. आडवा चिरलेला मणी गोल चकतीसारखा राहतो व तोही अडकू शकतो, म्हणून चिरण्याची दिशा महत्त्वाची आहे. सणाच्या गर्दीत मुले पळता-पळता वाटीतले मणी तोंडात टाकतात, तेव्हा चिरायला घेतलेली परात त्यांच्या हाताशी ठेवू नये. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांनाही चार तुकडे करूनच द्यावेत.

प्रकार पहिला : फेसलेल्या मोहरीचे द्राक्षाचे रायते (१० माणसांसाठी)

द्राक्षे, देठ काढून : ५०० ग्रॅम
चक्का किंवा घट्ट दही : १५० ग्रॅम
मोहरी : २ चहाचे चमचे
भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट : ४० ग्रॅम
हिरव्या मिरच्या : २
कोथिंबीर : मूठभर
मीठ : पाऊण चहाचा चमचा
साखर किंवा लिंबू : ब्रिक्सनुसार

कृती : मोहरी कोरडीच जाडसर कुटून घ्यावी. त्यात दोन चमचे गार पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवावी, नंतर चमच्याने भराभर फेसावी. झणका नाकात गेला की मोहरी फेसली असे समजावे. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी मिळाल्यावर त्यातील विकराच्या क्रियेने तो तयार होतो. म्हणून गरम पाणी वापरू नये, त्याने विकर निकामी होतो आणि मोहरी फक्त कडू लागते. दही किंवा लिंबूही फेसण्यापूर्वी घालू नये, आंबटपणामुळे ही क्रिया मंदावते. आधी पाणी, मग दहा मिनिटे थांबणे, मग दही असा क्रम ठेवावा.

फेसलेल्या मोहरीत चक्का घालून एकजीव करावा. बारीक चिरलेली मिरची, कूट घालावा. हे मिश्रण दोन तास आधी करून फ्रीजमध्ये ठेवता येते. चिरलेली द्राक्षे वेगळ्या भांड्यात गार ठेवावीत. पाने मांडायला घेतली की दोन्ही एकत्र करावे, मीठ आणि कोथिंबीर घालून हलक्या हाताने ढवळावे आणि वाढावे. एका पानावर साधारण ७० ग्रॅम येते.

प्रकार दुसरा : बिनदह्याची द्राक्ष-कैरी कोशिंबीर (१० माणसांसाठी)

ताटात श्रीखंड आणि कढी असताना दह्याचा आणखी एक पदार्थ नको वाटतो. अशा वेळी हा प्रकार चांगला.

द्राक्षे (काळी, हिरवी किंवा दोन्ही) : ५०० ग्रॅम
कैरीचा कीस : ५० ग्रॅम
दाण्याचा कूट : ५० ग्रॅम
हिरवी मिरची आणि अर्धा इंच आले : एकत्र ठेचून
तूप १ चमचा, जिरे अर्धा चमचा, चिमूटभर हिंग
कोथिंबीर, मीठ

कृती : निम्मी द्राक्षे उभी दोन तुकड्यांत चिरावीत, उरलेली बारीक चिरावीत. बारीक चिरलेल्या भागाचा रस कूट शोषतो आणि कोशिंबीर मिळून येते. मोठ्या तुकड्यांमुळे ती पाणचट वाटत नाही. कीस, ठेचा व कूट घालावा. तुपात जिरे-हिंगाची फोडणी करून ती दोन मिनिटे निवू द्यावी, मग वरून घालावी. उकळती फोडणी घातल्यास तुकडे मऊ पडतात. मीठ शेवटी.

पाडव्यानंतर नवव्या दिवशी रामनवमी येते. उपवासासाठी याच प्रकारातून हिंग वगळावा आणि सैंधव वापरावे. कोथिंबीर, आले काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही. ज्या-त्या घरच्या रीतीप्रमाणे करावे.

दाण्याच्या कुटाबाबत एक सूचना. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे शेंगदाणे निवडून टाकावेत. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

पंगतीसाठी १०० पानांचे प्रमाण

वरील प्रमाण सरळ दहापट करू नये. द्राक्षे ५ किलो, चक्का दीड किलो, कूट ४०० ग्रॅम हे दहापट चालते. मोहरी आणि मिरची सातपटच घ्यावी, कारण मोठ्या प्रमाणात त्यांचा झणका जास्त जाणवतो. मीठ आधी ३० ग्रॅम घालून चव पाहावी आणि लागेल तसे वाढवावे.

पाच किलोत साधारण दीड हजार मणी बसतात. एका माणसाला ते उभे चिरायला सव्वा ते दीड तास लागतो. दोघे-तिघे बसवून जेवणाच्या जास्तीत जास्त तासभर आधी चिरणे संपेल असे नियोजन करावे. सगळे एकदम कालवू नये. पंचवीस-पंचवीस पानांचे चार घाणे करावेत, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही कोशिंबीर पहिल्या पंगतीसारखीच मिळते.

किती वेळ टिकते?

दह्याची कोशिंबीर कालवल्यापासून दोन तासांत संपवावी. मार्चअखेरीस नाशिकमध्ये दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास किंवा पुढे जातो. ३२ अंशांपुढे तापमान असेल, तर एक तासच धरावा. पातेले बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवल्यास चव आणि सुरक्षितता दोन्ही टिकतात. उरलेली कोशिंबीर वेळेत फ्रीजमध्ये ठेवली तरी रात्रीपर्यंतच वापरावी. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये.

मधुमेह असलेल्यांनी लक्षात घ्यावे की १८ ब्रिक्सच्या द्राक्षात साधारण तितके टक्के साखरच असते. कोशिंबीर आहे म्हणून ती काकडीसारखी भरपूर खाण्याची नाही. त्यांच्यासाठी निम्मी द्राक्षे, निम्मी काकडी असे करता येते. साखर-गूळ घालू नये.

विक्री करायची असेल तर

गंगापूर रोडसारख्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी शहरातून धरणाकडे जाणारे गिऱ्हाईक मिळते. मग तयार कोशिंबीरच डब्यात भरून विकावी का? आमचा सल्ला आहे, विकू नये. दह्याचा, कच्च्या चिरलेल्या फळाचा पदार्थ उन्हात तासभरही सुरक्षित राहत नाही आणि रस्त्याच्या कडेला शीतसाखळी राखणे कठीण असते. एका गिऱ्हाइकाला बाधा झाली, तर तुमच्या फळाचेही नाव जाते.

त्याऐवजी कोशिंबिरीचा जोडसंच विकावा. अर्धा किलो निवडलेली द्राक्षे एका हवेशीर डब्यात आणि सोबत कोरडा मसाला वेगळ्या पुडीत. जाडसर कुटलेली मोहरी, जिरे, मीठ व सुक्या मिरचीचे तुकडे असा मसाला कोरडा असल्यामुळे टिकतो. शेंगदाण्याचा कूट लवकर खवट होतो, तो गिऱ्हाइकाने घरी घालावा. डब्यावर कृतीची चिठ्ठी लावावी. ती चार ओळींची असावी आणि 'लहान मुलांसाठी उभे चार तुकडे करा' ही ओळ तीत असलीच पाहिजे.

पुडी बांधून विकायची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि पुडीवर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तारीख, किंमत व नोंदणी क्रमांक हवा. कूट घातलाच, तर त्यात शेंगदाणा आहे हे ठळक लिहावे. अनेकांना त्याची अ‍ॅलर्जी असते.

भाव ठरवताना सुट्या मण्यांना शून्य किंमत धरू नये. त्या दिवशी स्थानिक व्यापारी सुट्या मालाला जो दर देतो तो धरावा, त्यात निवडणीची घट, मजुरी, डबा, पुडी मिळवावी आणि मग नफा. हे गणित जुळत नसेल, तर मणी व्यापाऱ्याला देणेच बरे. गणित न करता सुरू केलेला जोडधंदा हंगामाच्या शेवटी फक्त मेहनत दाखवतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : दोन तासांचे प्रात्यक्षिक

बचत गटात किंवा गावातील महिला मेळाव्यात हा विषय घेताना पाककृतीपासून सुरुवात करू नये. पुढील क्रम ठेवावा.

पहिली २० मिनिटे : प्रत्येकीने घरच्या प्लॉटची फवारणी नोंदवही सोबत आणावी. शेवटची तारीख आणि पीएचआय सर्वांसमोर मोजावा. ज्या घरी नोंदवही पुरुषांच्याच ताब्यात असते, तिथल्या स्त्रीला घरात येणाऱ्या फळाबद्दल माहितीच नसते, हे इथे उघड होते. या प्रात्यक्षिकाचा खरा उपयोग इथेच आहे.

पुढची ३० मिनिटे : एकाच क्रेटमधील सुटे मणी तीन गटांना द्यावेत आणि निवड करून घ्यावी. काढून टाकलेल्या मण्यांवर चर्चा करावी.

पुढची ३० मिनिटे : दोन वाट्यांत सारखीच चिरलेली द्राक्षे घ्यावीत. एकीत मीठ घालावे, दुसरीत घालू नये. वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरक्या करून रस पेल्यात ओतून दाखवावा. पुन्हा समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

शेवटची ४० मिनिटे : दोन्ही प्रकार करून चव घेणे आणि जोडसंचाचा खर्च फळ्यावर मांडणे.

गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या परिसरात कृषी विज्ञान केंद्र आहे. फळप्रक्रियेबाबत अधिक मार्गदर्शन हवे असल्यास तिथे किंवा आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारणा करावी.

लक्षात ठेवा

• पीएचआय पूर्ण झाल्याशिवाय घरच्या ताटातही द्राक्ष नाही. धुणे हा त्याला पर्याय नाही.
• सुटा मणी चालतो. तडकलेला, बुरशीचा, आंबूस मणी चालत नाही.
• धुवून कोरडा करा, उभा चिरा, मुलांसाठी चार तुकडे करा.
• मोहरी गार पाण्यात फेसा, दही नंतर घाला.
• मीठ पाने मांडल्यावर.
• दह्याची कोशिंबीर उन्हाळ्यात एका तासात संपवा.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी पॅकिंग आटोपले की मांडवातील सुटे मणी एका परातीत घ्या, नोंदवही उघडा आणि तारीख मोजा. दिवस भरलेले असतील तर अर्धा किलो मणी घरात न्या. वर्षभर ज्या पिकासाठी राबलात, त्याची चव सणाच्या दिवशी तुमच्याही पानात असू द्या.